दुकानाच्या काचेतला चाकू



व्याख्यानाला येताना आपण बहुतेक सारे बाजारपेठेतून आला असाल. दुकानांच्या काचांमागे मांडलेला माल आणि त्याला दोऱ्याने बांधलेल्या किमतीच्या चिठ्ठ्या आपण जाता जाता पाहिल्या असतील. आता मी एक प्रश्न विचारतो. काचेमागे लुगडे आहे, त्यावर किंमत लिहिली आहे. तर दुकानदाराने ते लुगडे विक्रीस देऊ केले आहे की नाही? आपण म्हणाल, हा काय प्रश्न झाला? विकायचे नसते तर त्याने ते मांडले कशाला असते? पण याच प्रश्नावर इंग्लंडच्या सरन्यायाधीशांना १९६० साली निकालपत्र लिहावे लागले, आणि त्या निकालामुळे पार्लमेंटला आपला दोन वर्षांचाही न झालेला कायदा दुरुस्त करावा लागला. फरक इतकाच की काचेमागे लुगडे नव्हते, खटक्याचा चाकू होता.

खटक्याचा चाकू म्हणजे काय हे आधी सांगितले पाहिजे. साधा घडीचा चाकू उघडायला दोन हात लागतात. एका हाताने मूठ धरायची आणि दुसऱ्या हाताच्या नखाने पात्याच्या खाचेत धरून पाते ओढायचे. खटक्याच्या चाकूत मुठीच्या पोटात कमान बसवलेली असते. पाते मिटले की कमान ताणून बसते आणि एक खिटी तिला अडवून धरते. मुठीवरची कळ दाबली की खिटी सुटते, आणि डोळ्याचे पाते लवायच्या आत चाकूचे पाते बाहेर येऊन पक्के बसते. घड्याळजी आणि कुलुपे करणारा कारागीर यांना ज्या युक्त्या ठाऊक असतात त्याच येथे आहेत. म्हणून अठराव्या शतकापासून युरोपात असे चाकू होत आले यात नवल नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातल्या शेफील्डचे कारागीर ते करीत. पुढे जर्मनीतले झोलिंगेन आणि इटलीच्या ईशान्येकडचे मानियागो ही गावे त्यासाठी नावाजली.

अमेरिकेत ही वस्तू कारखान्यात पुष्कळ संख्येने करण्याचे श्रेय जॉर्ज श्रेड या कारागिराकडे जाते. १८९० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत त्याने कळीच्या चाकूचे पेटंट घेतले, आणि पुढे न्यूयॉर्क राज्यातल्या वॉल्डन गावी त्याचा धंदा वाढला. त्या काळी हा चाकू कोणाला भीतिदायक वाटत नसे. शेतकरी, कोळी, शिकारी, शिवणकाम करणाऱ्या स्त्रिया असे त्याचे गिऱ्हाईक. नख मोडण्याचे भय नाही, हा त्याचा एक मोठा गुण समजला जाई! दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सरकारनेच असा चाकू आपल्या छत्रीधारी सैनिकांना दिला. विमानातून उडी टाकलेला शिपाई झाडात अडकला, एक हात दोरात गुंतला, तर दुसऱ्या हाताने दोर कापता यावेत एवढाच त्यातला हेतू. १९४४ साली जी वस्तू सैनिकाचे प्राण वाचवणारी होती, तीच चौदा वर्षांनी त्याच देशाच्या कायद्याने गुन्हेगार ठरवली. मधल्या काळात चाकू बदलला नव्हता. बदलले होते ते त्याच्याकडे पाहणाऱ्यांचे मन, आणि काही अंशी तो हाती धरणारे हात.

युद्ध संपल्यावर इटलीत असलेले अमेरिकन सैनिक तिकडचे निमुळत्या पात्याचे, शिंगी मुठीचे देखणे चाकू आठवण म्हणून घेऊन आले. ते पाहून व्यापारी पुढे सरसावले आणि आयात सुरू झाली. सिगारेटच्या दुकानात, खेळण्यांच्या दुकानात, गहाणवट ठेवणाऱ्या पेढीत, टपालाने मागवण्याच्या जाहिरातींत, जेथे पाहावे तेथे हा चाकू मिळू लागला. मोठ्या शहरांच्या गरीब वस्त्यांतल्या पोरांच्या टोळ्यांनी तो उचलला. ‘वुमन्स होम कंपॅनियन’ या स्त्रियांच्या मासिकात १९५० च्या नोव्हेंबरात जॅक हॅरिसन पोलॅक या लेखकाने या वस्तूवर लेख लिहिला. जीव घेणारे खेळणे, अशा अर्थाचे त्याला नाव होते. घरोघरच्या आया तो वाचून हादरल्या. मग सिनेमा मागे कसा राहील? १९५५ साली एका चित्रपटात वर्गातला विद्यार्थी शिक्षकावर असा चाकू उगारताना दिसला, आणि त्याच वर्षी दुसऱ्या एका चित्रपटात लॉस एंजेलिसच्या वेधशाळेच्या आवारात दोन तरुण अशाच चाकूंनी झुंजताना दिसले. या चित्रपटांनी चाकूची निंदा केली की जाहिरात, हे सांगणे कठीण आहे. मला वाटते, दोन्ही केले.

त्यातला एक चित्रपट मात्र आपल्या विषयाच्या अगदी गाभ्याशी जातो. ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ हा १९५७ चा चित्रपट पुष्कळांनी पाहिला असेल. ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांनी बासू चटर्जींचा १९८६ चा ‘एक रुका हुआ फैसला’ पाहिला असेल, कथा तीच. मुलावर बापाच्या खुनाचा आरोप आहे आणि खून खटक्याच्या चाकूने झाला आहे. चाकू असा दुर्मिळ घडणीचा की त्याच्यासारखा दुसरा नाही, असे पंच म्हणत असतात. तेवढ्यात एक पंच खिशातून हुबेहूब तसाच चाकू काढून मेजावर रोवतो. मुलाच्या घराजवळच्या दुकानातून त्याने तो विकत आणलेला असतो. असा चाकू विकत घेणे बेकायदेशीर आहे, असे दुसरा पंच त्याला सुनावतो. आणि आपण कायदा मोडला हे तो मान्य करतो. न्यूयॉर्क राज्याने १९५४ साली या चाकूवर बंदी घातली होती हे ध्यानात घेतले म्हणजे या प्रसंगाची खोच कळते. बंदी आहे, वस्तू कोपऱ्यावरच्या दुकानात आहे, आणि ती तेथे आहे म्हणूनच एका पोराच्या गळ्याचा फास सैल होतो.

न्यूयॉर्कचेच प्रतिनिधी जेम्स डेलनी यांनी १९५४ पासून काँग्रेसमध्ये देशव्यापी कायद्याचा पाठपुरावा चालवला. बालगुन्हेगारीची चौकशी करणारी सीनेटची उपसमिती, जिच्यात सीनेटर केफॉव्हर यांचे नाव गाजले, तिनेही हा प्रश्न हाती घेतला. याच उपसमितीने मुलांच्या चित्रकथांचीही चौकशी केली होती. वडील पिढीला तरुणांचे भय वाटू लागले म्हणजे ती त्यांच्या हातातल्या एकेक वस्तूची झडती घेते. ती आधी पुस्तक पाहते, मग चाकू. अखेर १२ ऑगस्ट १९५८ रोजी अध्यक्ष आयसेनहॉवर यांच्या सहीने कायदा झाला.

या कायद्याची घडण पाहण्यासारखी आहे. गुन्हेगारीचा बंदोबस्त हे अमेरिकेत मुख्यत: घटक राज्यांचे काम. म्हणून काँग्रेसने चाकू बाळगण्यावर सरसकट बंदी घातली नाही. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात व्यापारासाठी तो नेणे, आणि संघसरकारच्या ताब्यातल्या प्रदेशांत तो करणे, विकणे वा बाळगणे, एवढेच गुन्हे ठरवले. शिक्षा दोन हजार डॉलरपर्यंत दंड, किंवा पाच वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. परदेशातून येणारा माल जकातनाक्यावर अडला. पण ज्या राज्याने स्वत: बंदी घातली नाही, त्या राज्यात तयार झालेला चाकू त्याच राज्यात विकायला या कायद्याची आडकाठी नव्हती.

आणि त्यात एक अपवाद आहे, तो मी मुद्दाम सांगतो. ज्या माणसाला एकच हात आहे, त्याला तीन इंचांपर्यंत पात्याचा असा चाकू बाळगण्याची मुभा आहे. सैन्यालाही सूट आहे, पण ते अपेक्षितच. या एकहाती माणसाची आठवण कायदा लिहिणाऱ्याला कशी झाली असेल? युद्ध संपून अवघी तेरा वर्षे झाली होती. हात गमावलेले शिपाई गावोगाव होते. साधा चाकू त्यांना उघडता येत नसे. घाईगर्दीत, भीतीच्या भरात केलेल्या कायद्यात एवढी एक ओळ शहाणपणाने लिहिलेली आढळते, आणि या वस्तूचा मूळचा उपयोग काय होता हेही त्याच ओळीवरून कळते.

आता इंग्लंडकडे वळू. तेथेही टेडी बॉइज म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, लांब कोट आणि तंग विजारी घालणाऱ्या पोरांची धास्ती होती. सार्वजनिक ठिकाणी सबळ कारणाशिवाय घातक हत्यार बाळगणे हा १९५३ च्या कायद्याने गुन्हा झालाच होता. १९५९ साली पार्लमेंटने दुकानावरच घाव घातला. खटक्याचा चाकू जो कोणी तयार करील, विकील, भाड्याने देईल, विक्रीस वा भाड्यास देऊ करील, उसना देईल किंवा नुसता देईल, तो गुन्हेगार. आयातही बंद. जूनमध्ये कायदा अमलात आला.

त्यानंतर चारच महिन्यांनी, ऑक्टोबरात, ब्रिस्टल शहरात एक पोलीस शिपाई ब्रॉडमीडच्या आर्केडमधून चालला होता. आर्केड म्हणजे छपराखालची दुकानांची गल्ली. १८२५ साली बांधलेल्या अशा दोन जोडगल्ल्यांपैकी एक जर्मन बॉम्बमध्ये नष्ट झाली होती, दुसरी उभी होती. तेथे बेल नावाच्या दुकानदाराच्या काचेत एक चाकू आणि त्यामागे चिठ्ठी : पाते बाहेर फेकणारा चाकू, चार शिलिंग. शिपाई आत गेला, त्याने चाकू पाहायला मागितला आणि वरिष्ठांना दाखवायला नेला. परत येऊन त्याने सांगितले की हा बंदी असलेला चाकू आहे. दुकानदाराने विचारले, मग कारखानदार अजून आमच्याकडे हे विकायला का घेऊन येतात? बिचाऱ्याचा प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर कोणी दिल्याची नोंद मात्र खटल्याच्या कागदपत्रांत नाही.

विक्रीस देऊ केल्याच्या आरोपावरून फिर्याद झाली. ब्रिस्टलच्या दंडाधिकाऱ्यांनी ती काढून टाकली. पोलिसांनी वर दाद मागितली, आणि नोव्हेंबर १९६० मध्ये सरन्यायाधीश लॉर्ड पार्कर व दोन न्यायमूर्ती यांच्यापुढे ‘फिशर विरुद्ध बेल’ हा खटला उभा राहिला. लॉर्ड पार्कर यांनी निकालात प्रांजळपणे सांगितले की काचेत किंमत लावून ठेवलेला चाकू विक्रीस देऊ केलेला नाही हे म्हणणे सामान्य माणसाला, आणि कागद प्रथम वाचताना खुद्द आपल्यालाही, निव्वळ वेडगळपणाचे वाटले असते. पण पार्लमेंटचा शब्द देशाच्या कायद्याच्या अर्थाने वाचला पाहिजे. आणि करारांच्या कायद्यात काचेत मांडलेला माल हा प्रस्ताव नसून प्रस्तावासाठी दिलेले निमंत्रण असते. गिऱ्हाईक आत येते, मला हे द्या म्हणते, तो प्रस्ताव. दुकानदाराने होकार दिला तर सौदा, नकार दिला तर काही नाही. बूट्स या औषधविक्रेत्यांच्या दुकानात फळ्यांवर ठेवलेल्या औषधांबद्दल काही वर्षांपूर्वी इंग्रजी न्यायालयाने हेच म्हटले होते. शिवाय दुसऱ्या कित्येक कायद्यांत ‘विक्रीसाठी मांडून ठेवणे’ असे शब्द पार्लमेंटने स्वत: घातलेले आहेत. ते येथे घातले नाहीत. मग न्यायालयाने ते पदरचे घालणे म्हणजे कायदा करण्याचा पार्लमेंटचा अधिकार बळकावणे होईल. बेल निर्दोष ठरला.

हा निकाल ऐकून काहींना हसू येते. आमच्या वकिलीच्या वर्गातही आले होते, कारण आपल्याकडे १८७२ च्या करार कायद्यातली प्रस्तावाची व्याख्या शिकवताना हा खटला हटकून सांगतात. चाकू विसरला जातो आणि काचेचे तत्त्व लक्षात राहते. पण माझ्या मते हसण्यासारखे यात फारसे नाही. सरन्यायाधीशांना चाकूची विक्री आवडत होती असे नाही. त्यांच्यापुढे प्रश्न वेगळा होता. एखाद्याला शिक्षा करायची तर ती कायद्यात लिहिलेल्या शब्दासाठी, की कायदा करणाराच्या मनात बहुधा असलेल्या हेतूसाठी? हेतूसाठी म्हटले तर आज चाकूवाला जाईल आणि उद्या पुस्तकविक्रेता. शब्द सुधारायला पार्लमेंटला कितीसा वेळ लागला? १९६१ सालीच दुरुस्ती आली : विक्रीसाठी मांडणे आणि विक्रीच्या हेतूने जवळ ठेवणे हेही गुन्हे झाले. चार शिलिंगांच्या चिठ्ठीने पाडलेले भोक बुजले.

योगायोग असा की ज्या १९५९ सालात ब्रिटनने हा कायदा केला, त्याच सालच्या डिसेंबरात आपल्या शस्त्र अधिनियमाला राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्यापूर्वी लिटनच्या कारकिर्दीतला १८७८ चा कायदा होता. हिंदी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र नाही आणि युरोपियनाला परवान्याची गरज नाही, हा त्यातला भेद आपल्या आजे-पणजांना जन्मभर सलत होता. नव्या कायद्याने भर बंदुकीवर दिला. तलवार, खंजीर, सुरा यांच्यासाठी परवाना सरसकट नाही. एखाद्या प्रदेशाची परिस्थिती पाहून केंद्र सरकार तशी अधिसूचना काढील तेथेच. १९६२ च्या नियमांत मोजमापही दिले : पाते नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद. घरकामाची व शेतीची अवजारे यातून वगळली. ते बरे झाले, नाहीतर आपल्या घरोघरच्या विळीला परवाना काढावा लागला असता!

पण आपल्याकडे खटक्याच्या चाकूचे नाव निघाले की रामपूर आठवते. नवाबाच्या संस्थानातले हे कारागीर. मुठीवर पितळेचे नक्षीकाम, लांब पाते, आणि उघडताना होणारा तो खट्ट आवाज. १९६५ च्या ‘वक्त’ चित्रपटात राजकुमारच्या तोंडी या जातीच्या चाकूसंबंधी जो संवाद आहे, तो ज्याला पाठ नाही असा सिनेमाशौकीन विरळा. खुद्द रामपूर शहराने २०२३ साली एका चौकात सुमारे वीस फूट उंचीचा चाकू उभारला. नऊ इंचांचा नियम त्याला कोण लावणार?

दिल्लीत १९८० साली प्रशासनाने अधिसूचना काढली. बटणदार, गरारीदार, कमानीवर उघडणारा असा चाकू, ज्याचे पाते ७.६२ सेंटिमीटर वा अधिक लांब आणि १.७२ सेंटिमीटर वा अधिक रुंद आहे, तो करणे, विकणे, विक्रीसाठी वा चाचणीसाठी बाळगणे यांवर निर्बंध आले. पुढची चाळीस वर्षे दिल्लीच्या रस्त्यांवर झडतीत सापडलेल्या बटणदार चाकूवरून खटले होत राहिले. २०२४ साली त्यातला एक सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने अधिसूचनेचा शब्द उघडून वाचला आणि विचारले : आरोपीने चाकू विक्रीसाठी वा चाचणीसाठी बाळगला, असे आरोपपत्रात कोठे आहे? ते नव्हते. खटला रद्द झाला. ब्रिस्टलच्या दंडाधिकाऱ्यांनी चौसष्ट वर्षांपूर्वी विचारला तोच हा प्रश्न : लिहिले आहे ते काय आणि आरोप केला आहे तो काय? मधल्या काळात असे किती आरोपी तारखा मोजत बसले असतील, आणि त्यांतल्या कितीजणांना वर जाण्यापुरता पैसा असेल, याचा विचार करून पाहावा.

आपल्या गावची गोष्ट निराळी नाही. १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या ३७ व्या कलमाखाली चाकू, तलवार, लाठी घेऊन फिरण्यास मनाई करणारे हुकूम आपण दर सणाच्या तोंडावर वर्तमानपत्रात वाचतो. तो हुकूम हत्यार घेऊन फिरण्याला आहे, दुकानाला नाही. अलीकडे पुण्यात पोरांच्या टोळ्यांनी खटका, बटण, कमान सारे सोडून ऊसतोडीचा कोयता हाती घेतला. २०२३ च्या आरंभी पोलिसांनी कोयता विकणाऱ्यांना ग्राहकाचे आधारकार्ड पाहून नोंद ठेवायला सांगितल्याच्या बातम्या आल्या. कोयता हे शेतीचे अवजार. शस्त्रकायद्याने जाणूनबुजून वगळलेले. आकारावर बंदी घातली की हात दुसरा आकार शोधतो. पण म्हणून बंदी व्यर्थ असेही मी म्हणणार नाही. खिशात मिटून राहणारी, एका बोटाने उघडणारी वस्तू रागाच्या क्षणाला फार सोयीची असते. ती पोराच्या हाती सहज न मिळणे यात काही प्राण वाचत असतील. किती, ते मोजता येत नाही.

अमेरिकेत वारे उलटे फिरले आहे. २०१० पासून एकामागून एक राज्यांनी खटक्याच्या चाकूवरची बंदी उठवली. २००९ साली काँग्रेसने अर्धवट हाताने उघडणाऱ्या, कमानीची नुसती मदत घेणाऱ्या चाकूंना १९५८ च्या कायद्यातून वगळले. २०२४ च्या ऑगस्टात मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या राज्याची बंदी शस्त्र बाळगण्याच्या घटनादत्त हक्काविरुद्ध म्हणून रद्द केली. बंदुका ज्या देशात इतक्या सहज मिळतात, तेथे चाकूला सत्तर वर्षे अडवले होते हेच नवल.

ब्रिटन मात्र पुढेच गेले. विक्री १९५९ पासून बंद, पण ज्याच्या घरात आधीपासून असा चाकू होता त्याला साठ वर्षे कोणी हात लावला नव्हता. २०१९ च्या नव्या कायद्याने तो घरात ठेवणेही गुन्हा ठरला, आणि २०२१ च्या जुलैत ते कलम अमलात आले. त्याआधी सरकारने काही महिने मुदत दिली : चाकू पोलीस ठाण्यात आणून द्या, नुकसानभरपाई घ्या. माळ्यावरच्या पेट्या उघडल्या गेल्या. आजोबांनी युद्धातून आणलेले चाकू बाहेर आले. भरपाईची अट अशी होती की तीस पौंडांच्या आतला दावा घेतला जाणार नाही. बेलच्या काचेतल्या चिठ्ठीवरचे चार शिलिंग म्हणजे आजच्या हिशेबाने वीस पेन्स.